आमदारांचं पत्र मिळालं, पुढे काय?

लोकप्रतिनिधींकडे सार्वजनिक काम घेऊन जाताना कुठे अडायला होतं ते कळवा, असं आम्ही वाचकांना सांगितलं होतं. आलेल्या पत्रांत रागापेक्षा थकवा जास्त दिसला. मागणी रास्त, माणसं चिकाटीची, तरी कागद चुकीच्या टेबलावर गेला किंवा अर्धवट गेला म्हणून वर्ष वाया गेलेलं. निवडक प्रश्नांची उत्तरं म्हणूनच जरा सविस्तर देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावाहून तालुक्याला जाणारा रस्ता पार उखडला आहे. जिल्हा परिषद सदस्य म्हणतात आमदारांना भेटा. आमदारांच्या कार्यालयात सांगतात, हा रस्ता आमच्याकडे येत नाही. नेमकं धरायचं कोणाला? (एक शेतकरी वाचक)

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. डांबर सगळीकडे सारखंच दिसतं, आणि एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन खात्यांकडे असणं हे नेहमीचं आहे. टोलवाटोलवी तिथूनच सुरू होते.

तोंडी विचारून खरं कळलं तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. मोठा अर्ज केला की तेवढंच कारण पुढे करून तो परत येतो. चारच गोष्टी मागा: रस्त्याचा दर्जा व क्रमांक, देखभाल कोणाकडे, गेल्या पाच वर्षांत त्यावर झालेला खर्च, आणि शेवटच्या कामाचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

यातली चौथी माहिती सर्वांत मोलाची. काम झाल्यावर ठरावीक काळ खड्डे बुजवायची जबाबदारी ठेकेदाराची असते. तो काळ चालू असेल तर तुम्हाला नवा निधी मागायचाच नाही. ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्या, एवढीच मागणी करायची. ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे लागूच पडत नाही.

मुदत संपली असेल तर पैशाकडे वळा. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांनाही बराच पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि आमदार-खासदारही बैठकीला असतात. त्यामुळे ‘माझ्याकडे येत नाही’ हे आमदारांचं उत्तर अर्धंच खरं आहे. रस्ता त्यांच्याकडे नसला तरी तो समितीच्या यादीत घ्या असं ते सांगू शकतात. मागताना लेखाशीर्षाचा, म्हणजे सरकारी हिशेबात त्या खर्चाला दिलेल्या क्रमांकाचा, उल्लेख करा. ३०५४ देखभाल-दुरुस्तीचं, ५०५४ भांडवली कामाचं. हे दोन आकडे नीट वापरले की समोरचा अभियंताही तुमचा कागद वेगळ्या नजरेनं वाचतो.

बाकी विषयांची वाटणी थोडक्यात अशी: गटार, कचरा, नळ, दिवाबत्ती यांसाठी नगरसेवक किंवा ग्रामपंचायत; पोलिस, सरकारी दवाखाना, एसटी, महावितरण यांसाठी आमदार; रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग यांसाठी खासदार.

प्रश्न : गावच्या आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका नाही. आमच्या बचत गटानं दोनदा निवेदन दिलं, फोटोही छापून आला, पण काही हललं नाही. निवेदनात काय चुकत असेल? (बचत गटाच्या अध्यक्षा)

तुम्ही पाठवलेल्या निवेदनाचा विषय असा आहे: ‘गावातील आरोग्यविषयक समस्यांकडे लक्ष देण्याबाबत’. हा कागद ज्याच्या हाती पडेल त्यानं नेमकं काय करायचं हे यातून कळत नाही. खाली पाणी, गटार आणि अंगणवाडीच्या छपराचीही मागणी आहे. एका कागदावर चार खात्यांच्या मागण्या असल्या की स्वीय सहायक तो कोणत्या खात्याला पाठवायचा म्हणून बाजूला ठेवतात, आणि तो बाजूलाच राहतो.

तोच विषय असा लिहा: ‘अमुक उपकेंद्रातील आरोग्यसेविकेची दोन रिक्त पदे भरणेबाबत’. मग मजकूर: मंजूर पदं २, भरलेली ०, कोणत्या महिन्यापासून रिक्त, उपकेंद्राखाली गावं किती, लोकसंख्या किती, सध्या गरोदर बायकांना तपासणीला किती किलोमीटर जावं लागतं. यापूर्वी कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या आवक क्रमांकानं (कागद आल्याची कार्यालयातली नोंद) अर्ज दिला ते ‘संदर्भ’ म्हणून वर लिहा. शेवटच्या परिच्छेदात एकच मागणी: ‘पदे भरेपर्यंत शेजारच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला आठवड्यातून दोन दिवस येथे पाठवावे.’ कायमची भरती आमदारांच्या हातात नसते, पण ही तात्पुरती सोय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडून ते करून घेऊ शकतात. देता येईल असं काही मागितलं की ते मिळण्याचा संभव वाढतो.

सगळं एका पानात बसवा. सह्यांच्या प्रत्येक पानावर डोक्याला विषय पुन्हा लिहा. नुसत्या सह्यांचे कोरे कागद मागे टाचले तर ते कशालाही जोडता येतात, म्हणून जाणता अधिकारी त्यांना किंमत देत नाही. सहीपुढे पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक. वीस जणींच्या अशा सह्या दोनशे अस्पष्ट फराट्यांपेक्षा जड ठरतात.

तीन प्रती काढा: एक आमदारांना, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, एक तुमच्यासाठी. तुमच्या प्रतीवर दोन्हीकडचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे पोच नव्हे. आणि फोटोबद्दल एक सांगायलाच हवं: निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला की दोन्ही बाजूंना काम झाल्यासारखं वाटतं. तो दिवस खरं तर पाठपुराव्याचा पहिला दिवस असतो.

प्रश्न : आमदारांनी आमच्या मागणीवर लगेच पत्र दिलं. मंत्र्यांचा शेराही मिळाला. सात महिने झाले, काम कुठे आहे तेच कळत नाही. (निवृत्त शिक्षक)

इथेच सर्वाधिक माणसं हार मानतात, म्हणून या उत्तराला जागा जास्त देतो.

आमदारांचं पत्र ही शिफारस असते, आदेश नसतो. मंत्र्यांच्या शेऱ्याचंही वजन त्यातल्या क्रियापदावर असतं. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा असेल तर खात्यावर नवं काही बंधन पडलेलं नाही. नियमात बसत नाही असं कळवलं तरी कार्यवाही झालीच. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे फाइल परत मंत्र्यांकडे यायला हवी, पण कधी ते लिहिलेलं नाही. ‘प्रस्ताव १५ दिवसांत सादर करावा’ हा शेरा कामाचा, कारण त्यात कृती आहे आणि मुदत आहे. पुढच्या वेळी शेरा मागताना मुदत लिहून मागा. मागायला संकोच वाटतो, पण त्यात गैर काही नाही.

आता तुमच्या हातात दोन आकडे हवेत: आमदारांच्या कार्यालयाचा जावक क्रमांक (पत्र बाहेर पाठवल्याची नोंद) आणि खात्याचा आवक क्रमांक. पहिला आहे आणि दुसरा नाही, तर पत्र वाटेतच राहिलं. दोन्ही असतील तर ‘अमुक आवक क्रमांकाची नस्ती (फाइल) सध्या कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) आहे’ असा थेट प्रश्न विचारता येतो. दफ्तर दिरंगाईचा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा कायदा सांगतो की सर्वसाधारणपणे कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. स्मरणपत्रात या कायद्याचा उल्लेख एका ओळीत, शांतपणे करा.

नस्ती सापडली की काम कोणत्या पायरीवर आहे ते बघा. बांधकामाच्या कोणत्याही कामाला साधारण या पायऱ्या असतात: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ‘काम मंजूर झालं आहे’ असं लोक सांगतात तेव्हा बहुधा फक्त प्रशासकीय मान्यता झालेली असते. पैशाची तरतूद ही वेगळी गोष्ट आहे, आणि मान्यता आहे पण तरतूद नाही अशी कामं ढिगानं पडून असतात.

म्हणून आमदारांना दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा ‘साहेब, जरा लक्ष घाला’ म्हणू नका. ‘अंदाजपत्रक कार्यकारी अभियंत्याकडे तयार आहे, प्रशासकीय मान्यतेसाठी अधीक्षक अभियंत्याकडे अडलं आहे, त्यांना आत्ता फोन करता का?’ असं म्हणा. फोनला दोन मिनिटं लागतात आणि तो तुमच्यासमोरच होतो. तरतूद नसेल तर मागणी वेगळी: पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये सरकार मागतं त्या जादा खर्चात) किंवा येत्या अर्थसंकल्पात काम घ्या. अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो, पण कामांच्या याद्या त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. फेब्रुवारीत जाऊन उपयोग नाही. दिवाळीच्या आसपास अंदाजपत्रकासह कागद त्यांच्या हातात असावा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामांना मान्यता थांबतात, तेही दिवस हिशेबात धरा.

दोन-तीन खाती गुंतलेली असतील तर पत्रांनी भागत नाही. आमदारांना संयुक्त बैठक लावायला सांगा आणि बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या. इतिवृत्तात कोणत्या अधिकाऱ्यानं काय, कधीपर्यंत करायचं हे लिहिलेलं असतं. आठ दिवसांत ते हातात आलं नाही, तर बैठकीत ठरलेले मुद्दे तुम्हीच लिहून सगळ्यांना पाठवा आणि पोच घ्या.

भेटीला चारच्या वर माणसं नेऊ नका, बोलायचं एकानंच. स्वीय सहायकाला वाटेतला अडथळा समजू नका. तुमची नस्ती लक्षात ठेवणारा बहुतेक वेळा तोच असतो.

प्रश्न : सामान्य माणसाचा प्रश्न विधानसभेत खरंच विचारला जातो का? त्यासाठी काय करावं? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

जातो. आमदारांकडे तासन्‌तास संशोधन करणारा कर्मचारीवर्ग नसतो. तयार, पुराव्यासह आणि सभागृहाच्या साच्यात बसवलेला प्रश्न हातात आला तर तो वापरण्याकडे त्यांचा कल असतो. आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. वरच्या उपकेंद्राचाच प्रश्न घ्या:

‘(१) अमुक तालुक्यातील तमुक उपकेंद्रात आरोग्यसेविकेची मंजूर असलेली दोन्ही पदे मागील १४ महिन्यांपासून रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे सहा गावांतील गरोदर मातांना तपासणीसाठी २२ किलोमीटर जावे लागते, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, सदर पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यात आरोप नाही, विशेषण नाही. ‘हे खरे आहे काय’ याला खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते तयार करण्यासाठी मंत्रालयातून तालुक्यापर्यंत माहिती मागवली जाते. कित्येकदा उत्तर यायच्या आतच पद भरलेलं असतं. उत्तरात ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं तर कोणता अंश खरा ते पुढे वाचा, तुमच्या पुराव्याशी ताडून पाहा आणि तफावत आमदारांना लेखी कळवा.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण वेळ थोडा आणि प्रश्न फार. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, आणि तासाभरात ते वीससुद्धा पुरे होत नाहीत. आमच्या मते नागरिकानं अतारांकित प्रश्नाला कमी लेखू नये. लेखी उत्तर हाती येतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं. ताजा आणि गंभीर विषय असेल तर लक्षवेधी सूचना मागा, म्हणजे आमदार त्या विषयाकडे सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधतात. मंत्र्यानं सभागृहात ‘करू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समिती त्याचा माग ठेवते. म्हणून कामकाजाच्या नोंदीतलं ते वाक्य तारखेसह जपून ठेवा.

वेळ सांभाळा. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्न अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. अधिवेशन चालू असताना प्रश्न घेऊन जाणारे नेहमी उशिराच पोचतात. दीड-दोन महिने आधी गेलात तर बरं.

तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी विधान परिषदेकडे वळा. तिच्या ७८ सदस्यांत ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतून आलेले असतात. म्हणजे तुम्ही राहता त्या भागाचे एकाहून जास्त प्रतिनिधी मुंबईत बसलेले आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दी कमी असते.

प्रश्न : खासदार निधीतून आमच्या सोसायटीची संरक्षक भिंत होईल का? (सोसायटीचे सचिव)

नाही. हा निधी सर्वांना वापरता येईल अशा टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. खासगी मालमत्ता, प्रार्थनास्थळं, जमीन खरेदी, पगार किंवा दर महिन्याचा खर्च त्यात बसत नाही. खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात, त्यातले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावे लागतात. खासदार फक्त काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. सोसायटीबाहेरचा पदपथ किंवा सार्वजनिक वाचनालय मागितलंत तर विचार होऊ शकेल. त्यासाठी जागा कोणाच्या मालकीची आणि नंतर देखभाल कोण करणार, ही दोन उत्तरं कागदावर तयार ठेवा. असे प्रस्ताव या दोन गोष्टींवरच अडतात.

प्रश्न : एका प्रस्तावित कायद्याविरुद्ध आम्ही ऑनलाइन ४० हजार सह्या जमवल्या. एकाही खासदारानं दखल घेतली नाही. आता काय करावं? (पर्यावरण गटाची कार्यकर्ती)

चाळीस हजार देशभरचे. खासदार पहिल्यांदा मनात विचारतात, यात माझे किती? सह्यांची पिनकोडनुसार वर्गवारी करा. चाळीस हजारांचा गठ्ठा कोणाचाच नसतो, पण ‘तुमच्या मतदारसंघातले ९०० जण, त्यांतले हे आठ तुम्हाला शनिवारी भेटू इच्छितात’ हे नाकारणं अवघड जातं.

विधेयक संसदीय समितीकडे गेलं असेल तर सगळी ताकद तिथे लावा. समित्या जाहीर निवेदन काढून सूचना मागवतात आणि मुदत थोडी, बहुधा पंधरा दिवसांच्या आसपास असते. तिथे भावनिक पत्र चालत नाही. तीन रकाने करा: कलम, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर व कारण. ‘कलम अमुकमध्ये “किंवा” ऐवजी “आणि” घालावे’ इतकं बारीक सुचवलंत तर तेच शब्द सदस्य बैठकीत मांडू शकतात. राज्यातलं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा १२ हजारांहून जास्त सूचना आल्या आणि २०२५ मध्ये ते काही बदलांसह मंजूर झालं. झालेले बदल पुरेसे होते की नाही यावर मतभेद आहेत, पण बदलाची जागा समिती हीच होती.

लोकसभेच्या याचिका समितीचाही मार्ग आहे. याचिका सभागृहाला उद्देशून, संयत भाषेत, शेवटी नेमकी विनंती करणारी असावी लागते. किमान एका अर्जदाराची सही मजकुराच्याच पानावर हवी, सोबत शपथपत्रं किंवा पत्रं जोडायची नाहीत, आणि याचिका खासदारामार्फत सादर करायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. न्यायालयात असलेला किंवा राज्य विधिमंडळात मांडता येईल असा विषय तिथे चालत नाही.

‘अशासकीय विधेयक आणा’ अशीही मागणी तुमच्या पत्रात आहे. मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं ते अशासकीय विधेयक. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं संसदेत मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरीही ती मागणी सोडू नका. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं अशासकीय विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं, लोकसभेत ते पार पडलं नाही, पण २०१९ मध्ये सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. कायदा हातात पडणार नाही हे ठाऊक असताना विषय पटलावर आणण्यासाठी हा मार्ग वापरायचा असतो.

प्रश्न : केंद्रीय मंत्र्यांना मराठीत लिहिलं तर चालतं का? (गृहिणी)

चालतं. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० नं प्रत्येकाला दिला आहे. उत्तर लवकर हवं असेल तर विषयाची एक ओळ हिंदी किंवा इंग्रजीत वर लिहा, म्हणजे पत्र योग्य विभागाकडे वळवणं सोपं जातं.

प्रश्न : आमचे सरपंच आणि आमदार वेगवेगळ्या पक्षांचे आहेत. गावाचं काम सांगायला गेलो की ‘तुम्ही त्यांचे’ असं ऐकावं लागतं. (तरुण मंडळाचा सदस्य)

मग मंडळाच्या नावानं जाऊच नका, ग्रामसभेचा ठराव घेऊन जा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून सभेच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये घुसवलेला ठराव पुढे लंगडा पडतो. ठरावात सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक आणि नेमकी मागणी असावी, आणि सभा संपल्यावर काही दिवसांत त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून घ्या. ती नक्कल आमदारांना द्यायला दोन्ही गटांतली दोन-दोन माणसं एकत्र जा.